जुन्या गोव्याची सोन्याची घंटा

 

धान कापून, चुरून घरात आलं की आपल्याकडे सहलीचे बेत सुरू होतात. पूर्वी रामटेक, शेगाव, पंढरपूर एवढीच नावं निघायची. आता बचत गटाच्या बाया गोव्याचंही नाव काढतात. गोव्याला जाणाऱ्या सहलीच्या बस बहुतेक एकाच वाटेनं फिरतात. आधी जुन्या गोव्याची चर्च, मग मंगेशी आणि शांतादुर्गा, शेवटी समुद्र. चर्चपाशी बस थोडा वेळ थांबते. बाया आत जातात, सोनेरी वेदी पाहतात, हात जोडतात, बाहेर फोटो काढतात आणि परत बसमध्ये येऊन बसतात. आपण काय पाहिलं, ते सांगायला सोबत कोणी नसतं. आज त्या थांब्यावरच्या सगळ्यांत मोठ्या चर्चची, से कॅथेड्रलची, गोष्ट सांगते.

आधी नाव समजून घेऊ. कॅथेड्रल म्हणजे बिशपचं चर्च. बिशप हा त्या भागातल्या सगळ्या कॅथलिक चर्चचा प्रमुख. त्याची खुर्ची, म्हणजे आसन, ज्या चर्चमध्ये असतं त्याला कॅथेड्रल म्हणतात. पोर्तुगीज भाषेतल्या ‘से’ या शब्दाचा अर्थही आसन असाच आहे. म्हणजे ही नुसती प्रार्थनेची जागा नाही, अधिकाराचीही जागा आहे. आपल्याकडे गादी म्हणतात ना, तसंच समजा.

या कॅथेड्रलचं बांधकाम १५६२ मध्ये सुरू झालं आणि १६१९ मध्ये मुख्य इमारत उभी राहिली. सत्तावन्न वर्षं लागली. आतल्या वेद्या पुऱ्या व्हायला १६५२ साल उजाडलं. लांबी सुमारे २५० फूट, रुंदी सुमारे १८१ फूट. एसटीच्या सहा गाड्या एकामागे एक उभ्या केल्या तर जेवढ्या लांब होतील, तेवढं ते लांब आहे. दगड कोकणातला जांभा, वरून चुन्याचा गिलावा. समोरून पाहिलं की एका बाजूला उंच बुरूज दिसतो आणि दुसरी बाजू रिकामी दिसते. पूर्वी दोन बुरूज होते, त्यातला एक १७७६ मध्ये कोसळला आणि पुन्हा कोणी बांधला नाही. उरलेल्या बुरुजात मोठी घंटा आहे. तिला सोन्याची घंटा म्हणतात. ती सोन्याची नाही, तिचा आवाज गोड म्हणून ते नाव पडलं.

हे कॅथेड्रल सांता कातारीना नावाच्या संत बाईला वाहिलेलं आहे. इंग्रजीत तिला सेंट कॅथरीन म्हणतात. गोव्यात तिचं नाव का आलं? पोर्तुगीज सेनापती आफोन्सो द आल्बुकेर्क यानं विजापूरच्या आदिलशाहीकडून गोवा जिंकला तो दिवस होता २५ नोव्हेंबर १५१०. कॅथलिक पंचांगात तो कातारीनाचा सण. म्हणून विजयाची आठवण तिच्या नावानं केली.

तिची कथा अशी सांगतात. ती इजिप्तमधल्या अलेक्झांड्रिया शहरातली, शिकलेली मुलगी. रोमच्या बादशहानं ख्रिस्ती लोकांचा छळ मांडला तेव्हा ती त्याच्यासमोर उभी राहिली. बादशहानं पन्नास पंडित बोलावले. तिनं वादात सगळ्यांना गप्प केलं. मग तिला खिळ्यांच्या चाकावर मारायचं ठरलं, तर चाकच मोडलं. शेवटी तिचं डोकं उडवलं. तिच्या चित्रात म्हणून बहुधा एक चाक असतं. ही इतिहासाची नोंद नव्हे, श्रद्धेची कथा आहे. पण कॅथेड्रलच्या मधल्या वेदीमागे जे भलंमोठं सोनेरी कोरीवकाम आहे, त्यात तिच्याच आयुष्यातले प्रसंग आहेत. राजासमोर न झुकलेल्या एका बाईची गोष्ट तिथं सोन्यात मढवलेली आहे.

आता दुसऱ्या कातारीनाची गोष्ट ऐका. ही कथेतली नाही, कागदोपत्री नोंद असलेली बाई आहे.

गोव्यात तेव्हा गार्सिया द ओर्ता नावाचा मोठा पोर्तुगीज वैद्य राहत होता. आपल्या देशातल्या औषधी वनस्पतींवर त्यानं लिहिलेलं पुस्तक १५६३ मध्ये गोव्यातच छापलं गेलं. त्याचं घराणं मूळचं यहुदी, म्हणजे ज्यू. पोर्तुगालमध्ये यहुद्यांना बळजबरीनं ख्रिस्ती केलं होतं, आणि त्यातली अनेक घराणी दारं लावून आपल्या पूर्वजांचा धर्म पाळत. त्याच्या बहिणीचं नाव कातारीना. ती यहुदी धर्म पाळते, असा आरोप ठेवून तिला पकडलं आणि २५ ऑक्टोबर १५६९ रोजी गोव्यात जिवंत जाळलं. भाऊ त्याआधीच वारला होता. पुढे १५८० मध्ये त्याची हाडंही कबरीतून काढून जाळली.

साल नीट लक्षात घ्या. १५६२ मध्ये कॅथेड्रलचं काम सुरू झालं आणि १५६९ मध्ये ही बाई जाळली गेली. धर्म सोडला नाही म्हणून मारल्या गेलेल्या एका कातारीनासाठी भिंती उभ्या राहत होत्या, आणि त्याच शहरात दुसऱ्या कातारीनाला त्याच कारणासाठी मारलं जात होतं. सोनेरी वेदीसमोर उभ्या राहाल तेव्हा ही दुसरी बाईही आठवा. तिचं चित्र तिथं नाही.

हे करणारी संस्था होती इन्क्विझिशन. आपल्याकडे तिला धर्मसमीक्षण सभा असंही म्हणतात. कोण चर्चच्या शिकवणीबाहेर वागतो ते शोधायचं, पकडायचं, कबुली घ्यायची, शिक्षा द्यायची, हे तिचं काम. गोव्यात ती १५६० मध्ये आली आणि मधली काही वर्षं सोडता १८१२ पर्यंत राहिली. सोळा हजारांहून जास्त खटल्यांची नोंद आहे. तिचा वाडा कॅथेड्रलजवळच्या चौकातच होता, आज तो उभा नाही. शार्ल देलाँ नावाच्या फ्रेंच वैद्याला दमणमध्ये पकडून गोव्याच्या कैदेत ठेवलं होतं. सुटून गेल्यावर त्यानं १६८७ मध्ये पुस्तक छापलं. शिक्षा सुनावायच्या दिवशी उजाडण्याआधी कॅथेड्रलची मोठी घंटा वाजू लागली, लोक जमले आणि कैद्यांना मिरवत जवळच्या सेंट फ्रान्सिसच्या चर्चमध्ये नेलं, असं त्यानं लिहून ठेवलं आहे. घंटेचा आवाज गोड होता. ज्यांच्यासाठी ती वाजत होती, त्यांना तो कसा वाटला असेल?

आता ही सत्ता शहरातून गावात आणि घरात कशी शिरली ते पाहू, कारण तिथं आपल्यासारख्या बायांचा संबंध येतो. १५४० च्या सुमारास तिसवाडी भागातली देवळं पाडली गेली आणि देवळांच्या जमिनी चर्चकडे गेल्या. १५५९ मध्ये राजाचा हुकूम आला की अनाथ हिंदू मुलांना ताब्यात घेऊन बाप्तिस्मा द्यावा. पुढे बाप गेलेलं मूलही अनाथ धरलं जाऊ लागलं, आई जिवंत असली तरी. नवरा गेलेल्या बाईला दुःखाच्या दिवसांत लेकरू लपवावं लागत होतं. १६८४ मध्ये आणखी एक हुकूम निघाला की लोकांनी तीन वर्षांत आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलायला लागावं.

आणि १७३६ मध्ये इन्क्विझिशननं एक लांबलचक फर्मान काढलं. ते मुख्यतः बाप्तिस्मा झालेल्या गोवेकरांसाठी होतं. त्यात काय काय बंद केलं ते ऐका. लग्नात नवरा-नवरीला हळद, तेल, नारळाचं दूध लावायचं नाही. व्याह्यांनी एकमेकांकडे पान-सुपारी आणि फुलं पाठवायची नाहीत. लग्नात ओव्या गायच्या नाहीत. अंगणात तुळस लावायची नाही. भात बिनमिठाचा शिजवून वरून मीठ घ्यायचं नाही. पुरुषांनी धोतर नेसायचं नाही, बायांनी चोळी घालायची नाही.

बायांनो, या यादीत तलवार नाही, तोफ नाही. हळद आहे, भात आहे, तुळस आहे, गाणं आहे. म्हणजे बाईच्या हातातल्या गोष्टी. देऊळ पाडायला सरकारला माणसं मिळाली, पण घरातली चाल मोडायची तर बाईला धाक घालावा लागतो, हे त्या लोकांना पक्कं ठाऊक होतं.

मग काय झालं? आज गोव्यातल्या एखाद्या कॅथलिक घरी लग्न असेल तर पाहा. लग्नाच्या आदल्या दिवशी नवरीला आणि नवऱ्याला आपापल्या घरी नारळाचा रस लावून न्हाऊ घालतात. त्याला ‘रोस’ म्हणतात. बाया भोवती जमून गाणी म्हणतात. नवरीला मामाच्या घरी बांगड्या भरतात, त्याला ‘चुडो’ म्हणतात. जुन्या घरांसमोर चौथऱ्यावर क्रूस उभा असतो आणि तो चौथरा आपल्या तुळशीवृंदावनासारखाच दिसतो. ज्या गोष्टींवर बंदी घातली त्यातल्या कितीतरी टिकल्या. फर्मान काढणारी सभा बंद पडून दोनशे वर्षं होऊन गेली, नारळाचा रस अजून लावला जातो. कोणा राजानं त्या चाली वाचवल्या नाहीत. आजी, आत्या, मावशी, काकू यांनी वाचवल्या.

दुसरीही एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर चित्र अर्धंच राहील. १५७९ मध्ये थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज पाद्री गोव्यात आला. तो इथली भाषा शिकला आणि त्यानं येशूची कथा मराठीत, ओवी छंदात लिहिली. सुमारे ११,००० ओव्या. ‘ख्रिस्तपुराण’ हे तिचं नाव, आणि ती १६१६ मध्ये राशोलला छापली गेली. ज्या ओवीत आपल्याकडे ज्ञानेश्वरी आहे आणि जात्यावरची गाणी आहेत, त्याच ओवीत गोव्यातले ख्रिस्ती लोक आपली पोथी ऐकत होते. एक पाद्री ओवीला मान देतो आणि एकशेवीस वर्षांनी त्याच धर्माचे अधिकारी लग्नातल्या ओवीवर बंदी घालतात. म्हणून सगळ्या माणसांना एका मापानं मोजता येत नाही.

आता बस पुढच्या थांब्याकडे न्या. जुन्या गोव्याहून मंगेशी फार लांब नाही. बसमधल्या बाया म्हणतात, चर्च पाहून झालं, आता देवाकडे जाऊ. पण हे दोन थांबे एकाच इतिहासाचे आहेत. मंगेशीचा देव मूळचा कुठ्ठाळीचा आणि कवळ्याची शांतादुर्गा मूळची केळशीची. सोळाव्या शतकात देवळं पाडली जाऊ लागली तेव्हा भक्तांनी देव उचलले आणि नदी ओलांडून फोंड्याकडच्या भागात नेले. तो भाग तेव्हा पोर्तुगीजांकडे नव्हता. आज आपण जी देवळं पाहतो ती त्या स्थलांतरानंतरची आहेत. शांतादुर्गेचं आजचं देऊळ अठराव्या शतकात, शाहू महाराजांच्या काळात उभं राहिलं. त्याचा घुमट आणि खिडक्या नीट पाहा. चर्चमध्ये पाहिलेलं काहीतरी तिथं ओळखीचं वाटेल. राज्यकर्ते भांडत होते, पण कारागिरांचे हात दोन्हीकडून शिकत होते.

गोव्यात सात बहिणींची एक लोककथा आहे. शिरगावची लईराई देवी त्यांतली एक, आणि म्हापशाच्या चर्चमधली मिलाग्रिस सायबीण ही दुसरी बहीण, असं लोक मानतात. मिलाग्रिस सायबीण म्हणजे चमत्कारांची माता मारिया. तिच्या सणाला हिंदू आणि ख्रिस्ती दोघेही तेल वाहायला येतात. एक बहीण दुसऱ्या घरात गेली म्हणून नातं तुटलं नाही, एवढं साधं उत्तर लोकांनी आपलं आपण शोधून काढलं.

हे सगळं ऐकून एखादी म्हणेल, एवढं झालं असेल तर आपण त्या चर्चमध्ये जायचंच कशाला? प्रश्न रास्त आहे, तो दाबू नये. पण आज त्या कॅथेड्रलमध्ये बाकावर बसून जपमाळ ओढणारी बाई कोण आहे ते पाहा. ज्यांच्या अंगणातली तुळस उपटली, ज्यांच्या लग्नातलं गाणं थांबवलं, त्याच गावकऱ्यांची ती लेक आहे. इन्क्विझिशनचा मार हिंदूंनाही बसला, पण सगळ्यात जास्त बसला तो बाप्तिस्मा झालेल्या माणसांनाच. फर्मान काढणारे गेले, पोर्तुगीज राज्यही १९ डिसेंबर १९६१ ला संपलं. आता राग धरून त्या बाईकडे पाहिलं तर मार खाल्लेल्यालाच पुन्हा मारल्यासारखं होईल. सत्याच्या नावाखाली चर्चच्या लोकांनी पूर्वी जी बळजबरी केली, तिच्याबद्दल पोप दुसरे जॉन पॉल यांनी १२ मार्च २००० रोजी रोममध्ये देवाकडे क्षमा मागितली. म्हणजे हा इतिहास आज कोणी झाकायचं कारण नाही आणि त्याचं हत्यार करायचंही कारण नाही. तो जाणून घ्यायचा असतो.

तेव्हा जरूर जा. सगळ्यांना आत जाता येतं. ही इमारत १९८६ पासून जागतिक वारसा यादीत आहे, पण तिथं आजही मिस्सा होते, म्हणजे सामुदायिक प्रार्थना. ती चालू असेल तर मागे शांत उभ्या राहा, फोटो नको, फोन बंद. अंगभर कपडे असावेत, आपल्या साडीला काही अडचण नाही. रस्त्याच्या पलीकडे बॉम जेझूस चर्चमध्ये संत फ्रान्सिस झेवियर यांचं शव आहे. दर दहा वर्षांनी ते या कॅथेड्रलमध्ये आणून लोकांना दर्शन देतात. मागचं दर्शन २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ असं होतं. तेव्हा सगळ्या धर्मांचे लोक रांगेत उभे असतात.

आत गेल्यावर नुसतं सोनं पाहून परतू नका. पैसा कोणाचा लागला, हे विचारा. तो पोर्तुगीज राजाच्या खजिन्याचा होता, आणि खजिना भरत होता व्यापारातून आणि इथल्या रयतेकडून. दगड कोणी वाहिले, चुना कोणी घोटला, हेही विचारा. त्याचं उत्तर तिथल्या कोणत्याच पाटीवर नाही. आपल्याकडे तरी कुठं आहे? नवेगाव बांधाचं नाव काढलं की कोलू पाटील कोहळीचं नाव निघतं आणि ते निघायलाच हवं. पण पाळीवर मातीच्या टोपल्या टाकणाऱ्या बायांची नावं कोणाला ठाऊक आहेत? आपल्या गावच्या मामा तलावाचंही तसंच आहे. मोठी इमारत बांधून घेणाऱ्याचं नाव सांगते. बाकीच्यांचं नाव आपण विचारलं तरच निघतं.

आणि एक शेवटचं. गोव्यात लग्नातल्या ओवीवर बंदी आली, तरी तिथल्या बायांनी गाणं सोडलं नाही. आपल्या झाडीपट्टीत ओवीवर कोणी कधी फर्मान काढलं नाही. तरी गावात पिठाची गिरणी आली, जातं कोपऱ्यात गेलं आणि ओवी मुकी झाली. हळदीच्या गाण्यांच्या जागी आता डीजे वाजतो. गिरणीनं आपल्या हातांचे कष्ट वाचवले, ते चांगलंच झालं. पण गाणं आपण कोणाच्या धाकानं नाही, सहज विसरत चाललो आहोत.

म्हणून पुढच्या महिन्याच्या गटाच्या बैठकीत एक काम ठरवा. गावातल्या सगळ्यात वयस्क आजीकडे दोघीजणी जा. तिला जात्यावरच्या आणि हळदीच्या जेवढ्या ओव्या आठवतात तेवढ्या मोबाईलवर भरून घ्या. तलाव कोणी खोदला, देऊळ कोणी बांधलं, त्या कामावर कोण कोण बाया होत्या, तेही विचारा. आजीचं नाव, गाव आणि तारीख वहीत लिहून ठेवा. आवाज रेडिओ केंद्रावर आणून द्या, आपण तो सगळ्यांना ऐकवू. गोव्याची सहल होईल तेव्हा होईल, आजीकडे मात्र याच आठवड्यात जा.